पार्टी कागलची, वर्कशॉप निपाणीचं : ८२ हजारांचा दावा लावायचा कुठं?

विचारणा थोडक्यात अशी आहे. कर्नाटकातल्या निपाणीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप. महाराष्ट्रातल्या कागलच्या एका हॉटेलवाल्यानं पत्र्याचं शेड आणि दोन गेटं करून घेतली. रक्कम ठरली १,४२,०००. कोटेशन व्हॉट्सॲपवर गेलं, त्यानं ‘ओके, चालू करा’ असं लिहिलं, ६०,००० ॲडव्हान्स निपाणीच्या खात्यावर आला. कटिंग-वेल्डिंग निपाणीत झालं, फिटिंग कागलात. काम संपून चौदा महिने झाले आणि ८२,००० अजून बाकी आहेत. मध्यंतरी ३०,००० चा एक चेक दिलाय, पण ‘मी सांगेन तेव्हा टाका’ म्हणाल्यामुळं तो ड्रॉवरमध्येच आहे. चारचौघांचा सल्ला असा, की केस निपाणीतच लावा, मारू देत त्याला हेलपाटे. तुमचं विचारणं असं, की पलीकडच्या राज्यातल्या माणसावर आपल्या कोर्टात दावा चालतो का, आणि चालत असेल तर लावावा का.

चालतो. लावावा का, हे मात्र वेगळं प्रकरण आहे.

आधी चालतो कसा ते बघू. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, दोन्ही राज्यांना एकच. तिच्या कलम २० ला कर्नाटक-महाराष्ट्र अशी भानगड माहीत नाही, तिला कोर्टाची हद्द तेवढी कळते. निपाणीच्या माणसानं गोकाकच्या माणसावर दावा लावला काय आणि कागलच्या माणसावर लावला काय, प्रश्न एकच. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा आणि तुमच्या गेटच्या बिलाचा काडीचा संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण ‘ते महाराष्ट्रात, आपलं कोर्ट तिथं चालत नाही’ असं ठामपणे सांगणारी माणसं मला चहाच्या टपरीपासून बार रूमपर्यंत भेटली आहेत.

कलम २० प्रमाणे दावा दोन ठिकाणी लागतो. एक, प्रतिवादी जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं. दुसरं, वादास कारण, म्हणजे ज्यातून दावा उभा राहतो त्या गोष्टी, जिथं पूर्ण किंवा अंशतः घडलं तिथं. तुमच्या बाबतीत पहिलं ठिकाण कागल, त्यात वाद नाही. दुसऱ्याचे धागे दोन्हीकडं आहेत. माल निपाणीत तयार झाला, ॲडव्हान्स निपाणीत आला, उरलेली रक्कमही निपाणीच्या खात्यावरच यायची होती. फिटिंग कागलात झालं. ‘अंशतः’ या एका शब्दावर निपाणीचा दावा उभा राहतो.

करार कुठं झाला, यावरही वकील मंडळी तासभर भांडू शकतात. फोनवर ठरलेला करार, होकार जिथं ऐकू आला तिथं झाला असं धरायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९६५ चा निकाल आहे. म्हणजे कागलवाल्यानं फोनवर ऑर्डर दिली आणि तुम्ही निपाणीतून ‘हो, करतो’ म्हणालात, तर करार झाला कागलात! सुदैवानं तुमच्याकडं उलटं आहे, कोटेशन तुमचं आणि होकार त्याचा, तो निपाणीत येऊन पोचला. पण व्हॉट्सॲपच्या जमान्यात यावर फार भिस्त ठेवू नका. पैसे कुठं यायचे होते, हा धागा जास्त भक्कम असतो.

दोन गोष्टींनी मात्र हद्द मिळत नाही. एक म्हणजे नोटीस. वकिलाची नोटीस निपाणीतून पाठवली म्हणून निपाणीत वादास कारण घडत नाही. दुसरी म्हणजे बिलाच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं ‘निपाणी कोर्टाच्या अधीन’. दोन कोर्टांना अधिकार असेल तर त्यातलं एक पक्षकारांना करारानं निवडता येतं, ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही त्याला तो बहाल करता येत नाही. १९८९ पासून हा कायदा पक्का आहे. आणि निवडायचं तर दोघांनी निवडायला हवं. काम झाल्यावर एकानं छापून दिलेल्या कागदाला दुसऱ्याचा करार म्हणत नाहीत. पुढच्या वेळी ती ओळ कोटेशनवर छापा आणि खाली त्याची सही घ्या.

आता खरा मुद्दा. लोक कोर्ट निवडताना सुनावणीचा विचार करतात : मला कुठं सोयीचं, त्याला कुठं गैरसोयीचं. मी पंचवीस वर्षं या भागात दिवाणी कामं करतोय, आणि नव्या पक्षकाराला मी पहिल्यांदा विचारतो ते हे, की हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, मिळाल्यावर तो बजावणारा बेलीफ कुणाच्या दारात न्यायचा?

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. बेळगावजवळच्या खानापूर भागातला एक वीटवाला, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या एका ठेकेदाराकडं ४६,००० अडकलेले. विटा खानापुरात ट्रॉलीत भरून दिलेल्या, म्हणून दावा आमच्या बाजूला लावला. ठेकेदार एकाही तारखेला आला नाही. अकरा महिन्यांत एकतर्फी हुकूमनामा. पक्षकारानं अर्धा किलो कुंदा, आमची बेळगावी मिठाई, आणून दिला, मीही तो मिटक्या मारत खाल्ला.

त्यानंतर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, लावायची वेळ आली. ठेकेदाराची एक काडीही आमच्या कोर्टाच्या हद्दीत नव्हती. आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालावर कोर्टाला हुकूमनामा बजावता येत नाही. कलम ३९ प्रमाणे तो तिकडच्या कोर्टाकडं पाठवावा लागतो. त्यासाठी आधी इथं अर्ज, मग हुकूमनाम्याची नक्कल, वसुली किती झाली आणि किती राहिली याचा दाखला, आणि दरखास्तीत आधी काही हुकूम झाला असेल तर त्याचीही नक्कल. नकला निघाल्या कानडीत. पलीकडच्या कारकुनानं दोन पानं उलटली, फाईल माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, “साहेब, हे मला वाचून दाखवा, मी नंबर टाकतो.” भाषांतर करून घेतलं. मग दाखल्यात ‘वसुली निरंक’ हे वाक्यच नाही असं निघालं. फाईल परत. सात महिने नुसते कागद या कोर्टातून त्या कोर्टात नेण्यात गेले.

शेवटी एकदा बेलीफ निघाला, मागून माझी मोटारसायकल. ठेकेदाराच्या अंगणात पोचलो तर ट्रॅक्टर उभा, पण भावाच्या नावावर. मिक्सर मशीन बायकोच्या नावावर. घरात एक बैलजोडी आणि शेतीची अवजारं होती, आणि शेतकऱ्याची ती अवजारं-जनावरं कलम ६० मुळं जप्तीबाहेर. बेलीफानं पंचनामा लिहिला, म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं, आम्ही परत आलो. तडजोड होऊन ३०,००० मिळाले, तेही हप्त्यानं, दावा लावल्यापासून तिसऱ्या वर्षी. कुंदा मी फार लवकर खाल्ला होता.

म्हणून तुमच्या हॉटेलवाल्याचं काय कुठं आहे ते आधी बघा. काउंटर, फ्रीझर, भट्टी, टेबलं कागलात. हॉटेलचं चालू खातं कागलच्या बँकेत. रोजचा गल्ला कागलात. चालत्या हॉटेलच्या दारात दुपारच्या गर्दीच्या वेळी बेलीफ उभा राहिला की अर्ध्या तासात फोन फिरतात, मी पाहिलंय. खातं जप्त करायचं असेल तर हुकूम त्या शाखेच्या मॅनेजरच्या टेबलावर त्याच आठवड्यात पोचतो. कागलच्या कोर्टाचा हुकूमनामा कागलचंच कोर्ट बजावतं, कुठं पाठवापाठवी नाही. माझ्या मते तुमचा पैशाचा दावा कागललाच लागला पाहिजे.

‘मारू देत हेलपाटे’ या सल्ल्यात आणखी एक खोट आहे. तो हेलपाटे मारतच नाही! निपाणीचं समन्स कलम २८ प्रमाणे महाराष्ट्रातल्या कोर्टामार्फत किंवा टपालानं जातं, ते ‘घरी नाही’, ‘बाहेरगावी गेले’ असे शेरे घेऊन फिरत राहतं. कधीतरी बजावणी झाली असं धरून कोर्ट एकतर्फी पुढं जातं. तुम्ही खूश. पण जप्ती दारात आली की तोच माणूस वकील घेऊन उभा राहतो, ‘समन्स मिळालंच नाही’ म्हणतो, आणि समन्स नीट बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करून मागायची त्याला मुभा आहे. दीड वर्षानं तुम्ही पुन्हा कैफियतीच्या, म्हणजे त्याच्या लेखी उत्तराच्या पायरीवर. कागलच्या बेलीफानं हॉटेलात जाऊन सही घेतलेलं समन्स असं सहज उडत नाही.

आणि तुमचे स्वतःचे हेलपाटे किती? लोक समजतात प्रत्येक तारखेला वादीनं उभं राहायचं. तसं नसतं. सरतपास, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, आता प्रतिज्ञापत्रावर होतो, तुम्हाला लागतं ते उलटतपासाला आणि तडजोडीची बोलणी असतील तेव्हा. धरून चला तीन-चार खेपा. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागल, जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. वकील निपाणीचा चालेल का? २०११ पासून देशातल्या कुठल्याही कोर्टात कुठल्याही राज्याच्या सनदेवर उभं राहता येतं. पण माझं ऐकाल तर कागलचाच वकील घ्या. तारीख कधी पुढं ढकलली, बेलीफ कुठल्या वारी बाहेर पडतो, हे तिथं रोज बसणाऱ्यालाच कळतं.

भाषेचंही बोलून टाकतो. निपाणीच्या कोर्टाची भाषा कन्नड, वकील इंग्रजीतही लिहितात. तुमचं कोटेशन मराठी, मेसेज मराठी, तुम्ही बोलणार मराठीत. चालतं सगळं, पण मराठी कागदाला भाषांतर जोडावं लागतं आणि साक्षीत तुमचं वाक्य दुसऱ्या भाषेतून कागदावर उतरतं. ‘काम पसंत आहे, पैसे दिवाळीला देतो’ हा त्याचा मेसेज कागलला जसाच्या तसा वाचला जाईल. यात अस्मितेचा भाग नाही, नुसता खर्चाचा आणि अचूकपणाचा हिशोब आहे. मेसेज दाखल करताना नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं आणि फोन विकायचा नाही. स्क्रीनशॉट ठेवून फोन एक्स्चेंजमध्ये देणारे पक्षकार माझ्या डोक्याला ताप आहेत.

चेकची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथं घरचं कोर्ट तुमच्या कामी येतं.

चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची फिर्याद कुठं लावायची, यावर या देशात बराच गोंधळ झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चेक देणाऱ्याची बँक जिथं तिथं. गठ्ठेच्या गठ्ठे फायली ‘योग्य कोर्टात लावा’ म्हणून परत आल्या. २०१५ च्या दुरुस्तीनं ते पुन्हा फिरलं. आता कलम १४२ प्रमाणे तुम्ही चेक आपल्या खात्यात भरलात, तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या हद्दीतलं कोर्ट. खातं निपाणीच्या शाखेत असेल तर फिर्याद निपाणीत. तुम्ही कोल्हापूरला कामाला गेलात आणि तिथल्या शाखेत चेक टाकलात, तरी कायदा तो निपाणीच्याच शाखेत टाकला असं धरतो. पण खातंच कोल्हापूरच्या शाखेत असेल तर कोर्ट कोल्हापूरचं. आणि चेक खात्यात न भरता थेट त्याच्या बँकेच्या काउंटरवर वटवायला गेलात, तर कागलचं. म्हणजे चेक कुठल्या खात्यात टाकायचा, तिथंच कोर्ट ठरतं. हे आधी ठरवा, नंतर काही करता येत नाही.

इथं घरचं कोर्ट का चालतं? कारण ही फौजदारी फिर्याद आहे. दिवाणी समन्सला न आल्यास एकतर्फी होतं, इथं न आल्यास वॉरंट निघतं, आणि वॉरंट कागलच्या पोलीस ठाण्यात जातं. आरोपी हद्दीबाहेर राहत असल्यामुळं समन्स काढण्याआधी दंडाधिकारी थोडी चौकशी करतील, ती बहुधा प्रतिज्ञापत्रावर भागते.

तारखा मात्र कडक आहेत. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत गेला पाहिजे. न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस. ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. नोटीशीत चेकची रक्कम, म्हणजे ३०,००० स्पष्ट मागा, सगळ्या ८२,००० च्या मागणीत ती बुडवू नका. तुमच्या चेकवर तारीख काय आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. तीन महिने उलटले असतील तर त्याच्याकडून बदली चेक मागा. तारीख कोरी असेल तर स्वतः पेन उचलण्याआधी त्याला मेसेज टाका : अमुक तारीख घालून चेक भरतोय. त्याचं उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी तुमचा मेसेज राहतो.

चेकची फिर्याद निपाणीत आणि पैशाचा दावा कागलात, दोन्ही एकाच वेळी चालतात. फक्त एक चूक करू नका. ‘३०,००० ची केस वेगळी चाललीय, मग दावा ५२,००० चाच लावू’ असा कोर्ट फी वाचवण्याचा विचार डोक्यात येईल. एकाच व्यवहारातला जो भाग तुम्ही दाव्यात सोडला, त्यासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. पूर्ण ८२,००० मागा, तिकडून काही वसूल झालं तर ते इथं वजा दाखवा.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, आहे का? काम करण्याआधीची असेल तर आणखी एक दार उघडतं. २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यात पंचेचाळीस दिवसांत पैसे न देणाऱ्याला बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज बसतं. हे वाद ऐकणारी त्या कायद्यातली परिषद पुरवठादाराच्या राज्यातली, खरेदीदार देशात कुठंही असो. तुम्ही कर्नाटकातल्या परिषदेकडं ऑनलाइन अर्ज करायचा. तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तरी तुमच्या बाबतीत मी थोडा हात राखून बोलतो. शेड जागेवर बसवून दिलंय, तेव्हा ‘हे बांधकामाचं कंत्राट आहे, या कायद्यात बसत नाही’ असा आक्षेप येईल, आणि उच्च न्यायालयांनी असा आक्षेप काही प्रकरणांत उचलून धरलाय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कारखानदार कोल्हापूरच्या फॅक्टरीला सुटे भाग पाठवतो, त्याला मात्र मी डोळे झाकून इथंच पाठवेन. नुसत्या व्यापाऱ्यांनी, म्हणजे माल आणून विकणाऱ्यांनी, यावर विसंबू नये. त्यांना उद्यम नोंदणी मिळते पण या वसुलीचा फायदा नाही.

तो उलट ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ‘शेड गळतंय’ म्हणून कोल्हापूरच्या आयोगात तक्रार आली तर तुम्हाला तिथं जावं लागेल. हॉटेल हा धंदा आहे, तो ग्राहक ठरत नाही, असं तुम्ही म्हणाल. तो म्हणेल हे माझ्या पोटापाण्याचं साधन आहे, आणि कायद्यात त्याला तशी सवलत आहे. म्हणून काम संपल्यावरचे फोटो आणि ‘पसंत आहे’ हा मेसेज जपून ठेवा.

पोलिसांत जाऊन फसवणुकीची तक्रार द्या असंही कुणी सुचवेल. त्यानं ६०,००० दिलेत, चेक दिलाय. सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता, हे तुम्ही कशावरून दाखवणार? तो वेळ दाव्याला द्या.

मुदतीचं सांगतो. केलेल्या कामाचे पैसे, आणि द्यायची तारीख ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षं. चौदा महिने गेले, बावीस राहिले. भरपूर वाटतात, पण चुकीच्या कोर्टात लावलात तर वादपत्र परत मिळतं आणि योग्य कोर्टात सगळं पहिल्यापासून सुरू होतं. प्रामाणिकपणे चुकीच्या कोर्टात घालवलेले दिवस मुदतीतून वगळतात खरे, पण त्यासाठीही वेगळा युक्तिवाद करत बसावं लागतं. कागलात दावा लावलात तर हा प्रश्नच उद्भवत नाही, प्रतिवादीच्या दारातल्या कोर्टाच्या हद्दीवर कोण काय बोलणार?

दाव्याआधी कागल तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं दावापूर्व अर्ज देऊन बघा. त्याला लोकअदालतीचं बोलावणं जाईल. आला आणि हप्ते ठरले, तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, त्यावर अपील नाही. हॉटेलवाल्यांना गावात नाव जपायचं असतं, पुष्कळदा इथंच मिटतं. नाही आला तर महिना-दोन महिने गेले, एवढंच.

आज रात्री ड्रॉवर उघडून चेकवरची तारीख बघा. तीन महिन्यांच्या आत असेल तर उद्या सकाळी निपाणीच्या खात्यात भरा, बाकी सगळं नंतर.